दुसऱ्या प्रयत्नाचा हिशेब

डिसेंबरचा उत्तरार्ध उजाडला की पदवीधर मुलांच्या घरांत थंडीबरोबर एक निराळीच शांतता शिरते. आयआयएम या नावाने आता आबालवृद्धांना ठाऊक झालेल्या व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशासाठी नोव्हेंबरच्या अखेरीस जी 'कॅट' परीक्षा होते, तिचा निकाल याच सुमारास लागतो. कलकत्ता आणि अहमदाबाद येथे १९६१ साली सुरू झालेल्या या संस्थांची संख्या आता विसाच्या वर गेली आहे. आम्हा इंदूरकरांना या परीक्षेचे अप्रूप अंमळ अधिक. १९९६ साली इंदुरात आयआयएमची स्थापना झाली आणि पीथमपूरच्या वाटेवर, राऊजवळच्या टेकडीवर तिचा विस्तीर्ण परिसर उभा राहिला. रामबागेतील किंवा लोकमान्य नगरातील आईवडिलांना वाटते, संस्था तर आपल्या वेशीपाशी आहे, मग आपल्या मुलीला तिथे जागा का मिळू नये?

वेस जवळ असली तरी दार अरुंद आहे, याचा बोध निकालाच्या दिवशी होतो. ज्यांना उत्तम गुणांक मिळाला त्यांच्याविषयी लिहिण्याचे प्रयोजन नाही. त्यांची छायाचित्रे वर्गचालकांच्या फलकांवर झळकतातच. ज्यांचा गुणांक मनासारखा आला नाही आणि 'पुन्हा बसावे की सोडून द्यावे' या विचाराने ज्यांच्या घरातले जेवण गप्प झाले आहे, अशा कुटुंबांसाठी हे चार शब्द.

प्रथम गुणांकाचा अर्थ. आमच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या एका मुलीला २०२४ च्या परीक्षेत ८१ पर्सेंटाइल मिळाले. तिचे आजोबा आमच्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तरसाहेब, पोरीला एक्याऐंशी टक्के मिळाले, पहिला वर्ग झाला, अन् ही दोन दिवस जेवत नाही. हे कसले रडणे?" आजोबांचा प्रश्न रास्त होता. त्यांच्या काळी साठ टक्क्यांना पेढे वाटले जात. परंतु पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. किती गुण मिळवले हे तो आकडा सांगत नाही. रांगेत आपण कोठे उभे आहोत एवढेच सांगतो. ८१ पर्सेंटाइल म्हणजे शंभर उमेदवारांपैकी साधारण ८१ जण मागे आणि १९ पुढे. २०२४ साली सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार परीक्षेस बसले होते. त्यांतले १९ टक्के म्हणजे ५५ हजारांहून अधिक मुले तिच्या पुढे उभी होती. हे ऐकल्यावर आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांच्या गप्प राहण्याला आणखी एक कारण होते. १९९१ साली बंद पडलेल्या इंदुरातील एका गिरणीत ते कामाला होते. थकलेली देणी बत्तीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर २०२४ च्या आरंभी त्यांच्या हाती आली आणि त्यांतला मोठा भाग त्यांनी नातीच्या कॅटच्या वर्गाचे शुल्क म्हणून भरला. आता निकालानंतर त्याच वर्गातून निरोप आला होता की, 'पाया कच्चा आहे, गणित पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल, पूर्ण वर्षाचा वर्ग पुन्हा लावा.' घरात दोन पक्ष पडले. आई म्हणे, उरलेले पैसेही घाला पण पोरीचे करा. वडील म्हणत, दोन चांगली स्थळे सांगून आली आहेत, वर्ष आणखी कशाला घालवायचे? ज्या मुलीविषयी हा वाद चालला होता तिला मात्र कोणी काही विचारीत नव्हते.

आम्ही तिला एवढेच सांगितले की, वर्ग लावण्यापूर्वी तुझी उत्तरपत्रिका घेऊन ये.

पुष्कळ पालकांना ठाऊक नसते की, कॅटमध्ये उमेदवाराला स्वतःची उत्तरे आणि अधिकृत उत्तरसूची संकेतस्थळावर पाहावयास मिळते. निकालाच्या आधी काही दिवस ती खुली होते. मुले ती उघडतात, बरोबर-चूक मोजतात, अंदाजे बेरीज करतात आणि बंद करून टाकतात. आमच्या मते वर्षभराच्या अभ्यासाची सर्वांत मौल्यवान वस्तू हीच. वैद्याकडे जावे, त्याने रक्त तपासावे, आणि अहवाल न वाचताच आपण पुन्हा पहिलेच औषध बाटलीभर आणावे, असा हा प्रकार होतो. ज्यांच्यापाशी उत्तरपत्रिका उतरवून ठेवलेली नसेल त्यांनी निदान आठवणीतून तिचा आराखडा कागदावर मांडावा. आणि पुढच्या खेपेस ती पहिल्याच दिवशी जपून ठेवावी.

परीक्षेची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे, त्यावाचून पुढचा हिशेब कळणार नाही. २०२० साली इंदूरच्या आयआयएमकडे परीक्षेची व्यवस्था होती. महामारीच्या त्या वर्षी तीन तासांची परीक्षा दोन तासांची झाली आणि पुढेही दोन तासांचीच राहिली. तीन विभाग असतात. पहिला इंग्रजी वाचन व भाषा, दुसरा माहितीचे अर्थघटन व तर्क, तिसरा गणित. प्रत्येकाला ४० मिनिटे. एका विभागातून दुसऱ्यात मनाला येईल तसे जाता येत नाही. २०२४ साली या विभागांत अनुक्रमे २४, २२ आणि २२ असे ६८ प्रश्न होते. बरोबर उत्तरास तीन गुण. पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास एक गुण वजा. जिथे उत्तर स्वतः टंकित करावयाचे असते तिथे चुकीबद्दल काही कापले जात नाही. मिळालेल्या गुणांवर पुढे निरनिराळ्या सत्रांची काठिण्यपातळी समान करण्याचे संस्कार होतात. पण आपल्या चुका शोधण्यासाठी कच्चे गुण पुरेसे आहेत.

आता त्या मुलीचा जमाखर्च पाहा. गणितात तिने १२ प्रश्न सोडवले, ९ बरोबर. २ गुण कापले जाऊन हाती २५. तर्काच्या विभागात ८ पैकी ४ बरोबर. ३ वजा होऊन ९. वाचनाच्या विभागात तब्बल २० प्रश्नांना हात घातला, ८ बरोबर आले, ९ गुण कापले गेले आणि शिल्लक राहिले १५. एकूण ४९. वर्गवाले ज्या गणिताला कच्चे म्हणत होते त्याच गणिताने तिला तारले होते! मूल मागे पडले की दोष गणितावर ढकलावयाचा, ही आपल्या समाजाची जुनी सवय. भाषेत कोणी कच्चे असू शकते हे आपल्याला पटतच नाही. वाचता येते ना, मग झाले.

वाचनातील ज्या ९ उत्तरांनी गुण कापले गेले, ती आम्ही एकेक करून तपासली. तीन उत्तरे शेवटच्या दोन मिनिटांत डोळे मिटून दिलेली होती. दोन ठिकाणी प्रश्न 'पुढीलपैकी कोणते विधान लागू नाही' असा होता आणि तिने लागू असलेले विधान निवडले होते. उरलेल्या चार ठिकाणी उतारा पूर्ण वाचला होता, शब्द कळले होते, आणि तरीही अर्थ निसटला होता. पहिल्या पाच चुकांसाठी नवे काही शिकावयाचे नव्हते. तीन आंधळी उत्तरे कोरी सोडली असती तर ३ गुण वाचते. दोन प्रश्न नीट वाचून बरोबर आले असते तर प्रत्येकी ४ प्रमाणे ८ चा फरक पडता. पंधराचे सव्वीस झाले असते, तेही एकही नवे पुस्तक न उघडता.

अंदाजाविषयी येथेच सांगून टाकतो. चार पर्यायांच्या चार प्रश्नांना डोळे मिटून उत्तरे दिली तर सरासरीने एक बरोबर येते, तीन चुकतात. तीन मिळाले आणि तीन गेले, पदरात शून्य. परंतु दोन पर्याय विचारपूर्वक बाद करता आले आणि उरलेल्या दोहोंतून निवड केली, तर अशा दोन प्रश्नांत सरासरीने तीन मिळतात व एक जातो. म्हणजे अंदाज वाईट नाही, आंधळेपणा निरर्थक आहे. टंकित करावयाच्या प्रश्नात तर उत्तर कोरे ठेवण्यात काहीच शहाणपण नाही.

खरा प्रश्न त्या चार चुकांचा होता, आणि मराठीचा शिक्षक म्हणून आम्हाला तिथेच रस होता. या परीक्षेतील उतारे तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, अर्थकारण, कलेतिहास अशा विषयांवरचे असतात. लेखक बहुधा प्रथम दुसऱ्यांचे मत विस्ताराने मांडतो, मग एखाद्या 'तथापि'ने वळण घेतो आणि स्वतःचे मत सांगतो. आपल्या शास्त्रग्रंथांची पद्धत हीच. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. या मुलीने चारांपैकी तीन ठिकाणी पूर्वपक्षालाच लेखकाचे मत समजून उत्तर दिले होते. चौथ्या ठिकाणी लेखक 'काही समाजांत' असे म्हणत होता आणि तिने निवडलेला पर्याय 'सर्व समाजांत' असे म्हणत होता. इंग्रजी शब्दांचे तिचे भांडार तोकडे नव्हते. वर्षभर तिने शब्दांच्या याद्या घोकल्या होत्या. उणीव होती ती कोण बोलतो आहे, कोणाशी बोलतो आहे आणि कितपत ठामपणे बोलतो आहे, हे ऐकण्याची.

ही उणीव कोणत्या भाषेत भरून काढावी? घरी मराठी, शाळेत हिंदी, महाविद्यालयात इंग्रजी, असा आपल्याकडील बहुतेक मुलांचा प्रवास असतो. बेळगावकडे हिंदीच्या जागी कन्नड, बडोद्यास गुजराती; चित्र तेच. पालक त्याला अडचण समजतात. आमचे मत निराळे आहे. युक्तिवाद ऐकण्याची सवय ज्या भाषेत मूल निःशंक आहे त्या भाषेत लवकर लागते आणि एकदा लागली की ती भाषा ओलांडते. म्हणून पहिले पंधरा दिवस आम्ही तिला इंग्रजीला हात लावू दिला नाही. रोज एक मराठी अग्रलेख किंवा वैचारिक निबंध वाचावयाचा आणि वहीत दोनच वाक्ये लिहावयाची: लेखकाचे म्हणणे काय, आणि तो कोणाचे म्हणणे खोडतो आहे. पहिल्या आठवड्यात दोन वाक्यांची दहा होत. जुन्या मॅट्रिकच्या अभ्यासक्रमात सारांशलेखन असे, ते कोणी उगाच ठेवलेले नव्हते. सोळाव्या दिवसापासून तीच वही इंग्रजी निबंधांसाठी सुरू झाली. उताऱ्यात 'परंतु', 'वस्तुतः', 'असे मानले जाते की' या अर्थाचे शब्द आले की त्यांखाली पेन्सिलीने रेघ. पडद्यावरच्या परीक्षेत रेघ ओढता येत नाही, पण तोवर डोळ्याला ती आपोआप दिसू लागते.

तर्काच्या विभागाचे दुखणे वेगळे होते. तिथे चार-पाच संच असतात. प्रत्येक संचात माहितीचा एक गुंता आणि त्यावर चार-पाच प्रश्न. तिच्याच सांगण्याप्रमाणे चाळीसपैकी सव्वीस मिनिटे तिने पहिल्याच संचाशी झुंजण्यात घालवली, कारण 'हाती घेतलेले अर्धवट टाकू नये' असे तिच्यावर संस्कार होते. संस्कार उत्तम आहे, पण या चाळीस मिनिटांत तो घातक आहे. लग्नाच्या पंगतीत पहिल्याच वाढप्याने आणलेल्या भाताने पोट भरणाऱ्याला जिलबी कशी मिळणार? प्रथम पाच-सहा मिनिटे सर्व संच नुसते वाचून काढावेत, सोपे दोन निवडावेत, आणि दहा मिनिटांत वाट दिसली नाही तर उठून पुढच्या पानावर जावे. हे ऐकावयास सोपे. करावयास तिला चार महिने लागले. सुटत आलेला संच सोडताना तिच्या डोळ्यांत पाणी येई.

गणिताविषयी फारसे लिहीत नाही. सूत्रे पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहावीत, एवढेच. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसून आले. मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून मांडणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला होता. वाचून मिळणारा आत्मविश्वास मात्र पहिल्यांचा मोठा होता! वर्गात बसून उत्तर फळ्यावर उतरताना पाहण्याने जे समाधान मिळते त्याची जातही हीच.

सराव परीक्षांचे वेड हा आणखी एक विषय. मुले एकमेकांना विचारतात, तुझ्या किती मॉक झाल्या? पन्नास झाल्या असे सांगणाऱ्याकडे आदराने पाहिले जाते. त्या पन्नासांतील चुकांची वही किती भरली हे कोणी विचारीत नाही. या मुलीने वर्षभरात अठरा सराव परीक्षा दिल्या. दर दोन रविवारांआड एक, आणि दोन तासांच्या परीक्षेमागे पुढच्या आठवड्यात किमान चार तास तपासणी. चुकीपुढे चारच खुणा करावयाच्या: येत नव्हते, येत होते पण वेळ गेला, प्रश्न नीट वाचला नाही, अंदाज फसला. महिन्याअखेर बेरीज केली की पुढच्या महिन्याचा अभ्यास आपोआप ठरतो.

आता घराचा प्रश्न, जो आमच्या मते अभ्यासाहून अवघड आहे. कॅटचा गुणांक त्या वर्षीच्या प्रवेशापुरताच चालतो. पुढच्या वर्षी तो कामाचा नाही. परीक्षा मात्र कितीही वेळा देता येते, वयाची अट नाही. म्हणून प्रश्न परवानगीचा नसून वर्ष कसे घालवावयाचे याचा असतो. आयआयएम केवळ गुणांक पाहत नाहीत. दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि नोकरीचा अनुभव यांनाही कमीअधिक वजन देतात, आणि प्रत्येक संस्थेचे प्रमाण निराळे असते. शिवाय एकूण गुणांक चांगला असूनही एखाद्या विभागात किमान मर्यादेखाली राहिलेल्याला दार बंद होते. जुने गुण बदलता येत नाहीत. अनुभव मात्र मिळवता येतो. घरी बसून वर्षभर दिवसाचे दहा तास अभ्यास करणारे मूल आम्ही क्वचितच पाहिले आहे. बहुधा चार तास अभ्यास होतो आणि सहा तास अपराधी वाटण्यात जातात. या मुलीला वाणिज्य शाखेची पदवी होती. तिने पीथमपूरच्या एका कारखान्यात हिशेबाच्या विभागात नोकरी धरली. सकाळी बसमध्ये पाऊण तास वाचन, रात्री दोन तास, रविवारी सकाळ. वर्ग पुन्हा लावला नाही. आजोबांचे उरलेले पैसे बँकेतच राहिले.

वडिलांशी आम्ही स्थळांविषयी वाद घातला नाही. तो आमचा अधिकार नव्हे. एवढेच विचारले की, नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत दहा महिने आहेत, तेवढे थांबणारे स्थळ चांगले की न थांबणारे? त्यांनी दहा महिने दिले. आईने एक काम केले, ज्याचे मोल आम्ही फार मानतो: आल्यागेल्याने "काय, कुठवर आला अभ्यास?" असे विचारले की ती "तुम्ही चहा घेणार की सरबत?" असे विचारून विषय बदलीत असे. गणेशोत्सवात तर तिला हे दिवसातून दहा वेळा करावे लागले.

२०२५ च्या नोव्हेंबरात मुलगी पुन्हा बसली. गणितात किंचित उतरली. वाचनात चांगली चढली, तर्कात मध्यम राहिली. डिसेंबरात एकूण गुणांक ९३ च्या वर आला. अहमदाबाद किंवा कलकत्ता त्यात बसत नाही, आणि आमच्या टेकडीवरचे आयआयएमही नाही. तुलनेने नव्या दोन आयआयएमकडून मुलाखतीचे बोलावणे मात्र आले आहे. जागा मिळेल की नाही हे आज सांगता येत नाही. वडिलांनी स्थळांचा विषय काढलेला नाही, मिटवलेलाही नाही.

हे लिहीत असताना तिची मुलाखतीची तयारी चालू आहे. पदवीनंतर काय केले, हा प्रश्न हमखास येतो, म्हणून कारखान्यात कच्च्या मालाची खरेदी आणि देणेकऱ्यांची थकबाकी यांची नोंद कशी होते यावर ती टिपणे काढते आहे. थकबाकीच्या प्रकरणावर आजोबांनाही बरेच सांगावयाचे आहे असे दिसते. संध्याकाळी दोघे ओसरीवर त्याच वहीवर बसलेले असतात.